आडवं माप

सुलेखाबाईंना औरंगपुऱ्यात जायला नुसतं निमित्त हवं असायचं. चिकलठाण्याच्या त्या नव्या सोसायटीत सगळं दारात येतं, भाजी येते, दूध येतं, पाण्याचा टँकर तर येतोच येतो, पण माणूस म्हणून कुणी येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. त्यामुळे नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी विणायला दोरा आणायचा म्हटल्यावर त्या वैशाखाच्या उन्हात डोक्यावर पदर ओढून रिक्षात जाऊन बसल्या. सून म्हणाली, "आई, मी ऑनलाइन मागवते ना." त्यावर, "दोरा बोटांना कळतो बाई, मोबाइलला नाही," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

दुकानदार ओळखीचा होता. त्यानं वरच्या फळीवरून पांढऱ्या सुती दोऱ्याच्या गुंड्या काढल्या. "ये लेव अम्मा. इत्ता नरम तागा पूरे औरंगपुरे में नै मिलता." सुलेखाबाईंनी गुंडी गालाला लावून पाहिली. खरंच नरम होती. उन्हाळ्याचे दिवस, लेकराच्या अंगाला टोचायला नको. जिजासाठी कुंची विणायची, डोक्यावरून थेट टाचेपर्यंत येणारी, जाळीदार, वारा खेळणारी, हे त्यांनी रिक्षातच ठरवलं होतं.

आता या कुंचीमागं एक छोटंसं दुखणं होतं, ते सांगायला हवं. सून मोनाली मनानं वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. सुलेखाबाईंनी आधी विणलेलं टोपडं जिजाच्या नाकापर्यंत घसरायचं, आणि मोजे अंगठ्यातच अडकायचे. मोनाली हसत म्हणाली होती, "आई, तुम्ही विणता सुंदर, पण मापाचं एक येईल तर शपथ." हसत म्हणाली, तरी लागायचं ते लागलंच. यजमान सर्जेराव गेल्यावर अजिंठ्याजवळची शेती खंडानं देऊन सुलेखाबाई लेकाकडे राहायला आल्या होत्या. या घरात गॅस सुनेचा, टीव्ही लेकाचा, आणि आपलं म्हणावं असं काय, तर ही क्रोशाची सुई. त्यातून हल्ली नवराबायकोत पाळणाघराची कुजबूज चालायची. दुपारभर नात आपल्याजवळ असते हेच त्यांचं सगळं सुख होतं, आणि ते कुणी काढून घेईल या भीतीनं त्यांचा जीव खालीवर होत असे.

म्हणून या वेळी माप घ्यायचं, अगदी नेमकं घ्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पण जिजा म्हणजे भिंगरी. उभी केली की बसायची, बसवली की रांगत सुटायची, आणि दोरा दिसला की तोंडात घालायची. दोन दिवस सुलेखाबाई तिच्यामागं दोरा घेऊन फिरल्या आणि कंबर धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कूलरची घरघर बंद पडली आणि सोसायटीवर उन्हाळ्यातली ती शांतता पसरली, जिच्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. रस्ता ओस, पाखरू नाही, पडद्याच्या फटीतून फरशीवर उन्हाची एक पांढरी रेघ. घामेजलेली जिजा दिवाणावर गाढ झोपली होती.

सुलेखाबाईंनी दोऱ्याचं टोक तिच्या टाचेला लावलं. दोरा हळूच पायावरून, पोटावरून, गळ्यावरून वर नेला. टाळूशी आल्यावर गाठ मारली. त्याच वेळी झोपेतच जिजानं वाकडे पसरलेले पाय जवळ घेतले, दोन्ही हात अंगाला लावले, आणि ती सरळ झाली. माप घेणाऱ्याला सोपं जावं अशी.

सुलेखाबाईंचा हात थबकला. घरात कुठंतरी तुपात काही जळल्यासारखा वास आला आणि गेला.

त्यांना आठवलं नाही असं नाही. गावाकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, निजल्या माणसाला दोरा लावायचा नाही. त्यांची आई म्हणायची, 'उभ्याचं माप शिंप्याला, आडव्याचं माप बांबूला.' सर्जेराव गेले त्या सकाळी भावकीतल्या कडूबानं सुतळी घेऊन त्यांचं माप घेतलं होतं, तिरडीचे बांबू तोडायला. ती सुतळी सुलेखाबाईंनी दारातून पाहिली होती. पण इथं चौथ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर, कसला बांबू आणि कसलं काय! "उगाच मनाचे खेळ," असं पुटपुटत त्यांनी मापाचा दोरा गुंडाळला आणि विणकामाच्या स्टीलच्या डब्यात टाकला. त्या डब्यात गुंडी ठेवून विणायची त्यांची सवय होती, म्हणजे गुंडी दिवाणाखाली पळत नाही, तिथंच गरगर फिरते.

कुंची भराभर होऊ लागली. डोक्याचा गोल झाला, मान झाली, पाठीवरून जाळी खाली उतरू लागली. दोन खांब, मध्ये साखळी, मग पुन्हा खांब. बोटं इतकी सरावलेली की डोळे मिटूनही चालावीत. दुपारी जिजाला झोपवता झोपवता त्यांचाही डोळा लागायचा, आणि उठून पाहावं तर काम आपण ठेवलं होतं त्याहून पुढं गेलेलं. पहिल्या दिवशी त्या स्वतःशीच हसल्या. वय झालं, केलेलं आठवत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून वीण निरखली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

वरची जाळी त्यांची होती. खालची नव्हती. खाली सगळे मुके खांब होते, बुटके, एकमेकांना चिकटलेले, इतके घट्ट की सुईचं टोकही शिरू नये. मुक्या खांबांची वीण त्या पिशव्यांना घालत. लेकराच्या कपड्याला ती कोण घालेल? त्यातून वारा जात नाही, उजेडही जात नाही. आणि कुंचीचा घेर खाली रुंद व्हायचा सोडून आत वळायला लागला होता. पिशवीचा तळ वळतो तसा.

त्याच आठवड्यात जिजा मलूल झाली. रांगेना, खेळेना, वरणभात तोंडातून बाहेर काढी, आणि झोपे. नुसती झोपे. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय, पाणी पाजत राहा. मोनालीनं रजा मागितली, मिळाली नाही. "आई, तुम्ही आहात म्हणून मी जाते हो," असं ती दाराशी म्हणाली तेव्हा सुलेखाबाईंना ढसाढसा रडावंसं वाटलं.

त्या दुपारी त्या स्वयंपाकघरात जिजासाठी पेज गाळत होत्या. वीज नव्हती. आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

खर्रर्र... मग थांबला. पुन्हा खर्रर्र...

स्टीलच्या डब्यात गुंडी फिरल्याचा आवाज. कुणीतरी दोरा ओढल्याशिवाय तो येत नाही.

त्या दारापर्यंत आल्या. डबा फरशीवर होता. त्यातून दोरा वर चढून दिवाणाकडे गेला होता, ताणलेला, थरथरणारा. दिवाणाच्या कडेला कुंची पडली होती आणि सुई तिच्यात वरखाली होत होती, घाई नसल्यासारखी, रोजचं काम असल्यासारखी. जिजा शेजारी सरळ झोपली होती, हात अंगाला लावून. खालचा घेर मिटत आला होता. जेमतेम मूठ जाईल एवढं तोंड उरलं होतं.

"नको... नको रे बाबा..." एवढंच त्या बोलू शकल्या.

क्रोशाचं एक असतं. कितीही मोठं काम असो, सगळं एका उघड्या टाक्यावर उभं असतं. सुई काढून दोरा ओढला की भराभर उसवतं. सुलेखाबाईंनी झेप घेतली, सुई उपसली आणि दोन्ही हातांनी दोरा ओढत सुटल्या. मुके खांब तडातडा सुटले. शेवटची रांग उसवली तशी जिजा पाण्यातून वर आल्यासारखी धापा टाकत उठली आणि टाहो फोडून रडली. तिला छातीशी धरून सुलेखाबाई त्या खोलीत नुसत्या गोल गोल फिरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुई, दोरा, कुंची, सगळं डब्यात घालून गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद केलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुपारी कपाटाच्या आतून खर्रर्र आवाज यायला लागला. कुलूप उघडून उसवलं. उसवलं की जिजा जागी होई, डोळे किलकिले करून पाही, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाहून जास्त झोपे. मापाचा तो दोरा मात्र डब्यात नव्हता. कपाट, गाद्या, केराची बादली, सगळं पालथं घालून झालं.

लेकाला सांगावं? अभय भला मुलगा, पण तो काय करणार? आईला डॉक्टरकडे नेईल आणि पोरीला पाळणाघरात ठेवील. पण हे काही घराच्या मागं लागलेलं नव्हतं, मापाच्या मागं लागलं होतं. जिजा जिथं जाईल तिथं ते जाणार, आणि तिथं उसवायला कोण असणार? शेवटी त्यांनी गावी थोरल्या बहिणीला फोन लावला. दगडाबाई त्यांचं नाव. आधीची दोन भावंडं दगावली म्हणून आईनं काळाला नकोसं वाटावं असं नाव ठेवलं होतं, आणि त्या ऐंशीच्या घरात खणखणीत होत्या.

सगळं ऐकून दगडाबाई म्हणाल्या, "सुले, खरं सांग. लेकरू जागं व्हतं का निजलेलं?"

"...निजलेलं, अक्का."



"दोरा कुठंय?"

"सापडत नाही. डब्यातच ठेवला होता."

"मंग त्यो नेला त्यानं."

"कुणी, अक्का?"

"नाव कशाला घ्यायचं भरल्या घरात... माप गेलं, की कापड पुरं होईस्तवर त्यो काय थांबत नाय. उसवून किती दिस उसवशील? तुहा एक दिस डोळा लागंल."

"मग काय करू? अक्का, लेकरू वाळत चाललंय गं..."

दगडाबाईंचा आवाज खाली आला. "मापाला माप द्यावं लागतं. त्याच घरातलं, त्याच रक्ताचं. त्याच येळी उघड्या भुईवर आडवं व्हायचं, डोळे मिटून. काय बी झालं तरी बघायचं नाय." मग एकदम घाईनं, "पन तू असलं कायी करू नकोस! ऐकतीस का? मी येते उद्याच्या यष्टीनं. सुले...?"

सुलेखाबाईंनी फोन ठेवला. खरं म्हणजे त्यांना हलकं वाटलं. आपली साठी उलटलेली, सोबती गेलेला, लेक मार्गी लागलेला. यात विचार करण्यासारखं होतंच काय? पण अंघोळ करून त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसायला घेतलं, तेव्हा निऱ्या काही केल्या हातात राहीनात. भीती वाटत होती. शहाण्यासुरत्या माणसालाही वाटतेच.

वीज गेली. जिजा दिवाणावर झोपली, सरळ. सुलेखाबाईंनी डबा बाहेर आणून ठेवला, कुंची तिच्या उशाशी ठेवली. मग दक्षिणेकडे पाय करून, ज्या बाजूला कुणी पाय केले तर त्या जन्मभर ओरडल्या, त्याच बाजूला पाय करून, त्या गार फरशीवर उताण्या पडल्या. हात अंगाला लावले. डोळे मिटले.

वरून एक विमान गेलं. मग काहीच नाही. त्यांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि जिजाचा, लहानसा, थांबत थांबत येणारा.

खर्रर्र...

तो तुपात काही जळल्यासारखा वास आला. आवाज दिवाणापाशी होता. "माझं घे," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "तिचं सोड... माझं घे."

आवाज थांबला. फरशीवरून काहीतरी सरपटत जवळ आलं आणि त्यांच्या टाचेला दोऱ्याचं टोक लागलं. नरम होतं. ते घोट्यावर आलं, नडगीवर आलं. त्यांनी दात घट्ट आवळले. इतक्यात दाराशी खुट्ट झालं. कसलातरी पायरव झाला, अगदी हलका. डोळे उघडायचे नव्हते. त्यांनी उघडले नाहीत.

गुडघ्यापाशी दोरा थांबला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आल्यावर कापड मोजणारा हात थांबतो तसा थांबला. मग तो त्यांच्या अंगावरून निघून गेला की सगळा फिरून झाला, हे त्यांना कळलं नाही. त्यांच्या कानांत फक्त गुंडी फिरत होती, खर्रर्र... खर्रर्र... लांब... फार लांबपर्यंत. त्या आवाजातच त्यांची शुद्ध गेली.

जाग आली ती कुणीतरी नाक ओढत होतं म्हणून. उन्हं उतरली होती, कूलर सुरू होता, आणि जिजा त्यांच्या छातीवर चढून खिदळत होती. आत स्वयंपाकघरात अभय चहा टाकत होता. "काय आई, फरशीवर मस्त गारवा घेतलास!" तो म्हणाला. सुलेखाबाईंनी कुंची उचलली. सगळी जाळी, त्यांच्या हातची, खालपर्यंत मोकळी, पुरी झालेली. मुका खांब एक नाही. आणि शेजारी फरशीवर एक नवा दोरा नीट गुंडाळून ठेवलेला होता. टोकाला गाठ होती.

आपलं माप. त्यांनी तो दोरा उचलून कपाटात लुगड्यांखाली ठेवला. उलगडून पाहायची हिंमत काही झाली नाही, आणि गरजही वाटली नाही. सौदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी अक्का एसटीनं आल्या, हसरी नात पाहून मुकाट्यानं तिची दृष्ट काढून गेल्या. बहिणीकडे मात्र त्यांनी डोळे भरून पाहिलं. सुलेखाबाईंना वाटलं होतं आपण रडत बसू, पण झालं उलटंच. त्यांनी साखरेचं पथ्य गुंडाळून ठेवलं आणि डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून रोज आमरस ओरपला. पाटल्या कुठं आहेत ते मोनालीला दाखवून ठेवलं. वाढदिवसाला जिजानं कुंची घातली, ती डोक्यावरून अशी उतरली की टाचेशी येऊन थांबली, ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त. मोनालीनं सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. "आई, बरोबर मापाची झाली हो!" सुलेखाबाई हसल्या. आता कधीही बोलावणं येवो, अशी त्यांची तयारी होती.

बोलावणं काही आलं नाही. रविवार आला. जेवणं झाली, मोनाली जिजाला घेऊन शेजारी गेली. अभयनं तिसऱ्यांदा जांभई दिली.

"हल्ली झोपच पुरत नाही गं आई. कंपनीतसुद्धा मशीनपाशी डोळा लागतो."

"उन्हानं होतं," त्या पान लावत म्हणाल्या.

"त्या दिवसापासून बघ. तू फरशीवर झोपली होतीस ना, त्या दिवशी मला दुपारीच सोडलं होतं, डोकं दुखत होतं म्हणून. आवाज न करता दार उघडलं. तुम्ही दोघी निवांत. मग मी पण आत जाऊन फरशीवरच जरा आडवा झालो." तो डोळे चोळत हसला. "काय झोप लागली म्हणून सांगू! कुणीतरी पायापासून डोक्यापर्यंत हळूहळू हात फिरवत होतं. लहानपणी फिरवायचीस तसा. मला वाटलं, तूच."

सुलेखाबाईंच्या हातातलं पान खाली पडलं. त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या, लुगड्यांखालून दोरा काढला. एक टोक टाचेखाली दाबलं, दुसरं वर ओढलं. कमरेला आलं, खांद्याला आलं, डोक्याशी आलं... आणि गाठ अजून हातात होती, डोक्याच्या वर, वीतभर वर.

अभय आतल्या खोलीत जाऊन गादीवर पडला होता. डोळे मिटलेले, पाय जुळवलेले. निजल्या माणसाला दोरा लावायचा नव्हता. त्यांनी त्याला गदागदा हलवलं.

"ऊठ. अभय, ऊठ बाळा. उभा राहा आधी."

"काय गं आई..."

"उभा राहा म्हणते ना!"

तो डुलत डुलत उठून भिंतीला टेकून उभा राहिला. सुलेखाबाईंनी खाली बसून त्याच्या टाचेला दोरा लावला. दोरा पाठीवरून वर नेला, मानेवरून वर नेला, चवड्यांवर उभ्या राहिल्या. गाठ बरोबर त्याच्या टाळूवर आली.

अभयला हसू आलं. डोळे अर्धे मिटलेलेच होते.

"जिजाचं झालं, आता माझं विणायला घेतलंस वाटतं?" असं म्हणून तो पुन्हा गादीवर आडवा झाला.